विश्लेषण : ५०२, ५०३, ५०४… संकेतस्थळ कोसळल्यावर दिसणारे हे आकडे काय सांगतात?

दहावीचा निकाल, तत्काळ तिकीट, प्रवेश अर्जाची शेवटची तारीख… नेमके त्याच वेळी संकेतस्थळ उघडत नाही आणि मोबाइलच्या पांढऱ्या पडद्यावर एक तीन अंकी आकडा झळकतो. बहुतेक जण तो न वाचताच ‘रिफ्रेश’ करतात. वास्तविक अडचण कोणाकडे आहे, थांबायचे की पुन्हा प्रयत्न करायचा आणि मुख्य म्हणजे खात्यातून कापले गेलेले पैसे बुडाले का, या प्रश्नांची बरीचशी उत्तरे त्या आकड्यात असतात.

१६ जुलै २०२१ रोजी काय घडले?

राज्य मंडळाने दहावीचा निकाल १६ जुलै २०२१ रोजी दुपारी १ वाजता ऑनलाइन जाहीर केला. करोनामुळे त्या वर्षी परीक्षा झालीच नव्हती. अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला आणि उत्तीर्णांचे प्रमाण ९९.९५ टक्के होते. त्यामुळे पास-नापासची धाकधूक जवळपास नव्हती, पण गुण किती पडले हे कोणालाच ठाऊक नव्हते. १५ लाखांहून अधिक विद्यार्थी, त्यांचे पालक, मामा-मावश्या, शाळा आणि क्लासवाले एकाच मिनिटाला मोजक्या पत्त्यांवर धडकले. संकेतस्थळे बसली आणि कित्येक तास उठली नाहीत.

त्याआधी अडीच महिने, २८ एप्रिल २०२१ रोजी दुपारी ४ वाजता १८ ते ४४ वयोगटासाठी ‘कोविन’वर लसनोंदणी खुली झाली. पहिल्या काही मिनिटांत अनेकांना पानच दिसेना, अनेकांचा ओटीपी येईना. मात्र ही यंत्रणा लवकर सावरली. सरकारी आकडेवारीनुसार त्या दिवशी १ कोटी ३३ लाख जणांची नोंदणी झाली आणि ऐन गर्दीत मिनिटाला २७ लाख विनंत्या येत होत्या.

गर्दी दोन्हीकडे होती. ‘एकाच वेळी फार लोक आले’ हे स्पष्टीकरण अशा प्रत्येक वेळी दिले जाते आणि ते खोटे नसते. पण ते अर्धवट असते. गर्दी कुठे अडली, हे त्यातून कळत नाही.

आकडा वाचायचा कसा?

मोबाइलमधील ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्यांना ‘एचटीटीपी’ म्हणतात. या संवादात सर्व्हर प्रत्येक उत्तरासोबत तीन अंकी आकडा पाठवतो. सारे सुरळीत असेल तर तो २०० असतो आणि आपल्याला दिसत नाही. गडबड झाली की तो पडद्यावर येतो. त्यातला पहिला अंक महत्त्वाचा. ४ असेल तर तक्रार तुमच्या विनंतीबद्दल आहे, ५ असेल तर बिघाड त्यांच्याकडे आहे. ४०४ म्हणजे मागितलेले पान त्या पत्त्यावर नाही. ४०३ म्हणजे पान आहे, पण तुम्हाला परवानगी नाही. ४२९ म्हणजे तुम्ही फार घाईने, फार वेळा विचारता आहात. इथे पत्ता तपासणे, पुन्हा लॉगिन करणे याला अर्थ आहे. पाचाने सुरू होणाऱ्या आकड्यांपुढे मात्र तुमचा फोन, तुमचे सिमकार्ड आणि घरचे वाय-फाय निर्दोष असते. राउटर काढून पुन्हा लावण्यात वेळ घालवू नये.

पाचाच्या घरातले फरक समजून घेण्यासाठी तालुक्याचे सरकारी कार्यालय डोळ्यांपुढे आणावे. खिडकीवर एक कारकून आहे. तो तुमचा अर्ज घेतो आणि आतल्या टेबलावर देतो. आतला माणूस रेकॉर्ड रूममधून कागद मागवतो, उत्तर तयार करतो आणि खिडकीवर पाठवतो. मोठ्या संकेतस्थळांची मांडणी साधारण अशीच असते. खिडकीवर एक हलकाफुलका सर्व्हर असतो (अनेकदा ‘इंजिनएक्स’ नावाचा, म्हणूनच कोऱ्या पानावर आकड्याखाली हे नाव दिसते), आत प्रत्यक्ष काम करणारा प्रोग्रॅम आणि सर्वांत मागे डेटाबेस.

५०० म्हणजे आतल्या माणसाला काम करता करता भोवळ आली. प्रोग्रॅममध्ये चूक आहे किंवा डिस्क भरली आहे किंवा असेच काही. ५०२ म्हणजे कारकुनाने आत हाक मारली, पण आत कोणी नव्हते किंवा मिळालेले उत्तर अगम्य होते. ५०३ म्हणजे ‘सध्या शक्य नाही, नंतर या’. हा त्यातल्या त्यात प्रामाणिक आकडा. यंत्रणा शुद्धीवर आहे आणि गर्दी किंवा दुरुस्तीमुळे तुम्हाला परत पाठवते आहे. आणि ५०४ म्हणजे कारकुनाने आत अर्ज दिला, वाट पाहिली आणि शेवटी कंटाळून तुम्हाला सांगितले की उत्तर आले नाही.

पैसे कापले आणि ५०४ आला, तर?

या चौघांत सर्वांत फसवा ५०४ आहे. कारण कारकून कंटाळला म्हणून आतले काम थांबलेले नसते. इंजिनएक्समध्ये कोणी बदल केला नसेल तर ही वाट पाहण्याची मर्यादा ६० सेकंद असते. चक्र जवळपास मिनिटभर फिरून मग ५०४ दिसला, तर बहुधा हेच घडलेले असते. एकसष्टाव्या सेकंदाला आतल्या प्रोग्रॅमने तुमचा अर्ज दाखल करून घेतलेलाही असू शकतो. तुम्हाला ते कळायला मार्ग नसतो, एवढेच.

परीक्षा शुल्क भरताना याचा फटका बसतो. तुमच्या बँकेने पैसे वळते केले, पेमेंट गेटवेला ते कळले, गेटवेने ते संस्थेच्या संकेतस्थळाला कळवायचे आणि नेमके तेच संकेतस्थळ धापा टाकते आहे. पडद्यावर त्रुटी दिसते आणि बँकेचा एसएमएस सांगतो की रक्कम गेली. घाबरलेला पालक दुसऱ्यांदा पैसे भरतो. हीच ती चूक, जी टाळायला हवी.

चांगल्या यंत्रणेत गेटवे हा निरोप काही वेळाने पुन्हा पाठवतो आणि संस्थेकडेही अडकलेले व्यवहार ताडून पाहण्याची सोय असते. त्यामुळे काही मिनिटांनी किंवा तासांनी अर्जापुढे ‘शुल्क जमा’ असे आपोआप उमटते. तोवर करायचे ते एवढेच, की त्रुटीच्या पानाचा स्क्रीनशॉट घ्यायचा, यूपीआय व्यवहाराचा १२ अंकी संदर्भ क्रमांक टिपून ठेवायचा आणि संकेतस्थळ सावरल्यावर आधी ‘व्यवहाराची स्थिती’ पाहायची.

रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने याला कालमर्यादा घातली आहे. खात्यातून रक्कम गेली, पण दुकानदाराला किंवा संस्थेला पुष्टी मिळाली नाही, तर यूपीआय असो वा कार्डाने केलेली ऑनलाइन खरेदी, व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी. उशीर झाला तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही ग्राहकाच्या तक्रारीची वाट न पाहता. एका व्यक्तीने दुसऱ्याला यूपीआयने पाठवलेल्या पैशांसाठी ही मुदत एकच दिवस आहे.

मात्र यात एक मेख आहे. हा नियम फसलेल्या व्यवहारांसाठी आहे. तुम्ही दोनदा पैसे भरले आणि दोन्ही वेळा ते संस्थेच्या खात्यात पोहोचले, तर बँकेच्या दृष्टीने दोन्ही व्यवहार यशस्वी. मग परतावा संस्थेकडे मागावा लागतो आणि तिथे पाच दिवसांचे घड्याळ चालत नाही.

संथ असलेले संकेतस्थळ अचानक बंद का पडते?

‘आधी नुसते हळू चालत होते, मग एकदम बंद पडले’ असे अनेकदा ऐकू येते. हे दोन वेगळे आजार नाहीत.

समजा, आत १०० टेबले आहेत आणि एका अर्जाला ०.२ सेकंद लागतात. म्हणजे सेकंदाला ५०० अर्ज निकाली निघतात. येणारे अर्जही तेवढेच असतील तर कसेबसे भागते. आता रेकॉर्ड रूममध्ये काही अडले आणि एका अर्जाला २ सेकंद लागू लागले. टेबले तेवढीच, माणसे तेवढीच, येणारी गर्दीही तेवढीच. पण निकाली निघणारे अर्ज सेकंदाला ५० वर आले. उरलेले ४५० रांगेत. एका मिनिटात २७ हजार जण खोळंबले. प्रत्येक खोळंबलेली विनंती सर्व्हरच्या स्मृतीत थोडी जागा अडवते. ती संपली की प्रोग्रॅम मरतो, खिडकीवरून ५०२ येऊ लागतात. इथे गर्दी एका माणसानेही वाढलेली नाही, हे लक्षात घेण्यासारखे.

दुसरी गोष्ट अनुभवाला उलटी वाटते. यंत्रणा ९० टक्के वापरात असेल, तर १० टक्के उसंत आहे असे आपण समजतो. रांगेच्या गणितातले सर्वांत साधे सूत्र वेगळे सांगते. एक खिडकी निम्मा वेळ व्यग्र असेल तर काम व्हायला एरवीच्या सरासरी दुप्पट वेळ लागतो. ८० टक्के व्यग्र असेल तर पाचपट, ९० टक्क्यांना दहापट, ९५ टक्क्यांना वीसपट. शेवटच्या टप्प्यात चढ एकदम उभा होतो. म्हणून दुपारी १२.५५ ला ठीक चाललेले संकेतस्थळ १.०१ ला आडवे झालेले दिसते.

मग अडते नेमके कुठे? बहुतेक वेळा सर्वांत मागे, डेटाबेसपाशी. मायएसक्यूएल हा जगभर वापरला जाणारा डेटाबेस. कोणी बदल केला नाही तर तो एका वेळी १५१ जोडण्याच स्वीकारतो. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये हा आकडा १०० आहे. पुढे कितीही दणकट यंत्रे लावली आणि हा आकडा तसाच राहिला, तर १५२ वा प्रोग्रॅम दारातून परत फिरतो.

मोठा सर्व्हर घेतला की प्रश्न सुटतो?

कधीकधी सुटतो. पण सरकारी खरेदीत हा उपाय जितक्या सहज सुचतो तितका तो लागू पडत नाही.

समजा, १६ लाख विद्यार्थ्यांची यादी आहे आणि आसन क्रमांक देऊन त्यातला एक शोधायचा आहे. यादीला अनुक्रमणिका, म्हणजे तांत्रिक भाषेत ‘इंडेक्स’ नसेल तर डेटाबेस पहिल्या नावापासून चाळत जातो. असेल तर यादी निम्मी, मग तिची निम्मी असे करत जास्तीत जास्त २१ पावलांत नाव सापडते. १६ लाख विरुद्ध २१. ही तफावत दुप्पट क्षमतेचा सर्व्हर भरून काढू शकत नाही. एका ओळीची सूचना भरून काढते.

निकालाच्या बाबतीत तर डेटाबेसला विचारायचीही गरज नसते. १ वाजता जाहीर झालेले गुण १ वाजून १० मिनिटांनी बदलत नाहीत. प्रत्येक आसन क्रमांकाचे पान आदल्या रात्री तयार करून, ते देशभर पसरलेल्या सर्व्हरांवर नुसते ठेवून द्यायचे. विचारले की उचलून द्यायचे. वर्तमानपत्रांच्या संकेतस्थळांवरची छायाचित्रे अशीच येतात. त्यामुळे निकालाच्या दिवशी संकेतस्थळ कोसळण्याला ‘अनपेक्षित गर्दी’ म्हणणे पटत नाही. ज्या गर्दीची तारीख आणि वेळ मंडळ स्वतः जाहीर करते, ती अनपेक्षित कशी? आता मंडळ एकाऐवजी अनेक संकेतस्थळांवर आणि डिजिलॉकरवरही निकाल देते, हा बदल योग्य आहे. निकालाच्या दिवशी मुख्य पत्ता अडला तर दुसऱ्या पत्त्याकडे वळावे.

अमेरिकेतले उदाहरण यासाठी फार बोलके आहे. आरोग्य विम्यासाठीचे ‘हेल्थकेअर डॉट गव्ह’ हे संकेतस्थळ १ ऑक्टोबर २०१३ रोजी सुरू झाले. अमेरिकी काँग्रेसच्या समितीने नंतर उघड केलेल्या टिपणांनुसार पहिल्या दिवशी अवघ्या सहा जणांची विमानोंदणी पूर्ण झाली. कारणांपैकी एक अगदी साधे होते. नुसत्या योजना पाहायच्या असल्या तरी आधी खाते उघडणे सक्तीचे होते. त्यामुळे सारी गर्दी खाते उघडण्याच्या एकाच दारात चेंगरली. दुरुस्तीसाठी आणलेल्या तज्ज्ञांना पहिला धक्का याचा बसला, की कुठला भाग किती संथ आहे हे मोजण्याची धड सोयच नव्हती. ती त्यांनी आधी केली. मग एकेक अडसर काढला, यंत्रेही वाढवली, जास्त गर्दी झाली तर लोकांना रांगेत थांबवण्याची व्यवस्था बसवली. सुमारे दोन महिन्यांत पान उघडण्याचा सरासरी वेळ ८ सेकंदांवरून १ सेकंदाच्या आत आला आणि त्रुटींचे प्रमाण ६ टक्क्यांवरून १ टक्क्याच्या खाली.

‘रिफ्रेश’ केल्याने काय बिघडते?

तुम्ही रिफ्रेश केले तरी तुमची जुनी विनंती बहुधा रद्द होत नाही. आतला प्रोग्रॅम ती पूर्ण करत राहतो आणि ते उत्तर घ्यायला कोणी नसते. दहा वेळा रिफ्रेश म्हणजे त्याच माणसाने दहा अर्ज देऊन नऊ टाकून जाणे. लाखो जणांनी हे केले की सर्व्हर मुख्यतः टाकून दिलेले अर्जच निकाली काढत बसतो. अनेक ॲप स्वतःहूनही पुन्हा प्रयत्न करतात. नीट लिहिलेले ॲप दर वेळी आधीपेक्षा जास्त थांबते, १ सेकंद, मग २, मग ४. माणसानेही हेच करावे. ५०३ दिसला तर दोन-तीन मिनिटे पान तसेच सोडून द्यावे. ‘तुम्ही रांगेत आहात’ असा संदेश असेल तर मुळीच हात लावू नये, कारण रिफ्रेश केल्यावर अनेकदा रांगेतला क्रमांक जातो.

तत्काळ तिकिटांच्या बाबतीत आणखी एक अडथळा असतो. तिथे तुमच्या स्पर्धेत माणसेच असतात असे नाही. रेल्वेने २०२५ मध्ये दिलेल्या माहितीनुसार तत्काळ आरक्षणाच्या पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनच्या प्रयत्नांपैकी ५० टक्क्यांपर्यंत प्रयत्न स्वयंचलित प्रोग्रॅम, म्हणजे ‘बॉट’ करत होते. ते गाळण्याची व्यवस्था केल्यानंतर २२ मे २०२५ रोजी सकाळी १० वाजता एका मिनिटात ३१,८१४ तिकिटांचा विक्रम झाला. खोटी गर्दी हटवणे हाही वेग वाढवण्याचाच मार्ग.

एकाच वेळी अनेक संकेतस्थळे बंद पडली तर?

तर दोष त्यांच्यापैकी कोणाचाच नसण्याची शक्यता असते. अनेक संकेतस्थळे आपल्यापुढे क्लाउडफ्लेअरसारख्या मध्यस्थ कंपनीची ढाल लावतात. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतात संध्याकाळी पावणेपाचनंतर एक्स, चॅटजीपीटी यांसह अनेक सेवांवर पाचशेच्या घरातल्या त्रुटी दिसू लागल्या. कंपनीला आधी मोठा हल्ला झाल्याचा संशय आला. प्रत्यक्षात डेटाबेसच्या परवानग्यांत केलेल्या एका बदलामुळे बॉट ओळखण्यासाठीची एक फाइल दुपटीने फुगली होती आणि ती वाचणारा प्रोग्रॅम ठरलेल्या मर्यादेपलीकडची फाइल पाहून कोसळत होता. या कंपनीच्या त्रुटीच्या पानावर तीन चित्रे असतात. एक तुमच्या ब्राउझरचे, मधले त्यांचे, तिसरे मूळ संकेतस्थळाचे. ज्यावर लाल फुली, तिथे बिघाड. इतके स्पष्ट पान क्वचितच पाहायला मिळते.

संकेतस्थळ तुमचेच असेल तर?

दुकान, पतसंस्था, शाळा किंवा क्लासचे छोटे संकेतस्थळ चालवणाऱ्यांची पहिली प्रतिक्रिया सर्व्हर ‘रीस्टार्ट’ करण्याची असते. त्याने तासभर बरे वाटते आणि पुरावा पुसला जातो. आधी लॉग पाहावेत. सर्व्हर प्रत्येक विनंतीची आणि प्रत्येक त्रुटीची वेळेसह नोंद ठेवतो. पहिली ५०० किंवा ५०२ किती वाजता आली, हे तिथे सापडते. मग विचारायचे, की त्याच्या थोडे आधी काय बदलले? नवे प्लगइन, नवी थीम, रात्रीचा बॅकअप, व्हॉट्सॲपवर फिरलेली जाहिरात, यातले काहीतरी बहुधा निघते.

मग डिस्क भरली का, ते पाहावे. हे कारण इतके क्षुल्लक वाटते की शेवटी तपासले जाते. पण महिनोन्‌महिने साठत गेलेले लॉगच डिस्क भरून टाकतात आणि डेटाबेसला एक ओळही लिहिता येत नाही. त्यानंतर डेटाबेसच्या ‘संथ प्रश्नांची’ यादी सुरू करून पाहावी. संथपणाचा मोठा वाटा अनेकदा दोन-तीन प्रश्नांचाच असतो आणि त्यांना इंडेक्स नसतो. स्वस्त सामायिक होस्टिंगवर मात्र शेजारच्या कोणाच्या तरी संकेतस्थळामुळेही तुमचे मंदावते. तिथे लॉगमध्ये काही सापडत नाही आणि जागा बदलणे हाच उपाय उरतो.

आणि ‘हे संकेतस्थळ सुरक्षित नाही’ असा इशारा सर्व ग्राहकांना एकाच सकाळी दिसू लागला, तर सर्व्हर ठीक असतो. सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपलेली असते. मोफत मिळणारी अनेक प्रमाणपत्रे ९० दिवसांचीच असतात आणि त्यांचे आपोआप होणारे नूतनीकरण कधी बंद पडले, हे त्या सकाळपर्यंत कोणी पाहिलेले नसते.